पगार की फी? – एका लोकम नर्सच्या निमित्ताने

(मंडळाच्या आषाढातील मासिक सभेत, जुलै २०२५ मध्ये, वडोदऱ्यातील एका निवृत्त करसल्लागार भगिनींनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला बोलावताना सेक्रेटरी म्हणाले, "ताई, करावर बोला, पण लोकांना झोप येणार नाही असं बोला." चाळीस वर्षं मी लोकांची रिटर्न्स भरली. त्या अनुभवावरून सांगते, कराच्या नावाने झोप येत नाही, उलट उडते. तेव्हा ती काळजी सोडा.

आज मी विषय घेतला आहे तो जरा लांबचा. इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे, हंगामी काम करणाऱ्या व्हेटर्नरी नर्सेसवर तिथल्या करनियमांच्या बदलांनी काय परिणाम झाला, हा. तुम्ही म्हणाल, दांडिया बाजारात बसून आम्हांला विलायतेतल्या नर्सेसचं काय? पण या सभागृहात ज्यांचं एक तरी मूल, सून किंवा जावई परदेशात आहे त्यांनी हात वर करा म्हटलं, तर बरेच हात वर होतील. आणि ज्यांची मुलं इथेच आहेत, त्यांच्यातली निम्मी 'कन्सल्टंट' म्हणून नोकरी करतात. त्यांचाही विषय शेवटी हाच निघणार आहे.

मला हा विषय कळला माझ्या भाचीमुळे. ती वडोदऱ्यातच वाढली. लग्न होऊन इंग्लंडला गेली, तिथे शिकून व्हेटर्नरी नर्स झाली. तिच्या सासूबाईंना बरेच दिवस वाटत होतं की सून कुत्र्यामांजरांना आंघोळ घालते! तसं नाही. आपल्याकडे जनावरांचा डॉक्टर असतो, हाताशी कंपाउंडर किंवा ड्रेसर असतो. तिकडची नर्स ही त्याहून पुष्कळ शिकलेली. ती भूल दिलेल्या जनावरावर लक्ष ठेवते, सलाईन लावते, रक्त काढते, एक्स-रे घेते, टाके घालते. रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सच्या नोंदवहीत तिचं नाव असावं लागतं.

'लोकम' म्हणजे बदली कामगार. एखाद्या दवाखान्यातली नर्स बाळंतपणाच्या रजेवर गेली, कुणी आजारी पडलं, की एजन्सीला फोन जातो आणि एजन्सी लोकम पाठवते. आज या गावात, उद्या त्या गावात. भाचीने हेच काम धरलं होतं. ती स्वतःला स्वतंत्र व्यावसायिक म्हणवायची. एजन्सीला बिल द्यायची, पूर्ण रक्कम खात्यात यायची, आणि वर्षाअखेरीला स्वतःचं रिटर्न भरायची. दवाखान्यादवाखान्यांत फिरायला मोटार लागे. तिचा खर्च, पहिल्या १०,००० मैलांना मैलामागे ४५ पेन्स आणि पुढे २५ पेन्स या हिशेबाने, ती उत्पन्नातून वजा करी.

एका रात्री, आपल्या घड्याळात साडेअकरा वाजले असतील, तिचा फोन आला. आवाज रडवेला. "मावशी, एजन्सीचा मेल आलाय. पुढच्या महिन्यापासून स्वतंत्र म्हणून काम देणार नाही म्हणतात. एक तर अंब्रेला कंपनीत नाव घाल, नाहीतर काम बंद. माझा दर तोच आहे, पण हातात येणारे पैसे कमी होतायत. असं कसं?"

आता मी काय केलं ते सांगते, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही, कारण तुमच्यापैकी कुणी तसं करू नये. मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हटलं, "अगं, त्यात काय! स्वतःची एक छोटी कंपनी काढ. कंपनी बिल देईल, तू थोडा पगार घे, बाकी डिव्हिडंड घे." इथल्या अनुभवावर मी तिथला सल्ला दिला. तिने विश्वासाने कंपनी काढली. तिकडे ते अर्ध्या दिवसाचं काम आहे. मग अकाउंटंट नेमला, बँकेत खातं उघडलं. आणि सात आठवड्यांनी कळलं की त्या कंपनीचा तिला काडीचाही उपयोग नाही. ती बंद करण्यात आणखी पैसे गेले. मला रात्रभर झोप लागली नाही. मग मात्र मी तिथला कायदा मुळापासून वाचायला बसले. तो आता तुमच्यापुढे मांडते.

पहिली गोष्ट, कंपनी का चालली नाही. तिकडे एप्रिल २००० पासून एक नियम आहे, त्याला 'आयआर-३५' म्हणतात. नाव चमत्कारिक वाटतं, पण तिथल्या कर खात्याने १९९९ मध्ये काढलेल्या पस्तिसाव्या पत्रकावरून ते पडलं. नियम साधा आहे. तुम्ही आणि तुमचं काम देणारा यांच्यामध्ये तुमचीच कंपनी उभी आहे. ती कंपनी क्षणभर बाजूला काढा. आता जे दिसतं ते मालक आणि नोकर असं दिसतं का? दिसत असेल तर कर नोकराचाच भरा, डिव्हिडंडची पळवाट नाही.

वीस वर्षं हा नियम कागदावरच जास्त होता, कारण 'मी नोकर दिसते का' हे ठरवायचं काम ज्याच्या त्याच्या कंपनीकडेच होतं. स्वतःच्या परीक्षेचे पेपर स्वतःच तपासायचे! मग नियम बदलला. सरकारी कामांसाठी एप्रिल २०१७ पासून, आणि खाजगी क्षेत्रातल्या मध्यम व मोठ्या कंपन्यांसाठी एप्रिल २०२१ पासून, हा निर्णय काम देणाऱ्याने करायचा झाला. खाजगीचा बदल २०२० लाच यायचा होता, कोविडमुळे वर्षभर पुढे गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या सरकारने हा बदल रद्द करतो म्हणून जाहीर केलं आणि ऑक्टोबरमध्ये ते जाहीर केलेलंच रद्द केलं! लोकांनी कंपनी ठेवायची की मोडायची?

लहान दवाखान्यांना यातून सूट आहे, तिथे निर्णय अजून नर्सच्या कंपनीकडेच आहे. पण लहान दवाखाने राहिलेत किती? तिथल्या स्पर्धा आयोगाने सांगितलं आहे की २०१३ मध्ये साधारण १० टक्के दवाखाने मोठ्या साखळ्यांच्या मालकीचे होते, आज ते ६० टक्क्यांच्या आसपास आहेत. म्हणजे पाटी जुन्या डॉक्टरांच्या नावाची असते, पण मालक मोठी कंपनी असते. आणि मोठी कंपनी धोका पत्करत नाही. ती सरसकट सांगते, लोकम असेल तर पगारावरच.

दुसरी गोष्ट, एजन्सीने आधीच 'स्वतंत्र' का म्हणू नये? त्याचा नियम वेगळा आहे. एप्रिल २०१४ पासून, एजन्सीमार्फत गेलेला माणूस जर कुणाच्याही देखरेखीखाली, सूचनेनुसार किंवा नियंत्रणाखाली काम करत असेल, तर त्याचा कर पगारदाराप्रमाणे आधीच कापायचा. आता तुम्हीच सांगा, नर्स कुणाच्या सूचनेने काम करते? डॉक्टरच्या. आणि इथे तिचा स्वतःचाच कायदा आड येतो. १९६६ चा व्हेटर्नरी सर्जन्स ॲक्ट आहे. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात लिहिलं आहे की नर्सने जनावरावर औषधोपचार किंवा किरकोळ शस्त्रक्रिया करावी, पण जनावर नोंदणीकृत डॉक्टरच्या देखभालीत असलं पाहिजे, त्या डॉक्टरच्या निर्देशानेच केलं पाहिजे, आणि तो डॉक्टर तिचा मालक किंवा मालकाच्या वतीने वागणारा असला पाहिजे.

बघा हं, कसा पेच आहे. नर्सने कर खात्याला सांगितलं की मी कुणाच्या निर्देशाखाली नाही, तर आपण करत असलेलं काम करायचा आपल्याला अधिकारच नाही, असं तिने कबूल केल्यासारखं होतं. आणि निर्देशाखाली आहे म्हणाली, तर स्वतंत्र कशी? लोकम डॉक्टरची गोष्ट वेगळी आहे. तो निदान स्वतःच्या बुद्धीने करतो, त्याला वाद घालायला थोडी तरी जागा आहे. नर्सला ती जागा फार अरुंद.

भाची म्हणाली, "पण मावशी, मी तर कुठे दोन दिवस, कुठे चार दिवस. ही कसली नोकरी?" हा प्रश्न सगळ्यांना पडतो. त्यावर तिथल्या सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये फुटबॉलच्या पंचांच्या खटल्यात सांगितलं की एकेका सामन्यापुरत्या करारातही नोकरीची मूळ लक्षणं, म्हणजे परस्परांवरची बांधिलकी आणि नियंत्रण, असू शकतात. तो खटला अंतिम निकालासाठी खाली परत गेला. पण 'चार दिवसांचं काम म्हणजे नोकरी नव्हेच' हे म्हणणं आता टिकत नाही. माझ्या आजच्या भाषणातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: तात्पुरता म्हणजे स्वतंत्र नव्हे. किती दिवस काम केलं हा एक प्रश्न आहे, आणि कुणाच्या हुकमाने केलं हा दुसरा. कर खातं दुसरा विचारतं.

आता आकडे. घाबरू नका, फळ्यावर तीनच ओळी लिहिते. २०२५-२६ चे दर घेऊ. वर्षाला ३०,००० पौंड मिळतात असं धरू, खर्च काही नाही असं समजू. तिकडे पहिले १२,५७० पौंड करमुक्त, आणि पुढे ५०,२७० पर्यंत २० टक्के. शिवाय नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे आपल्या पीएफ-ईएसआयसारखी सामाजिक सुरक्षेची वर्गणी.

पहिली ओळ, खरोखर स्वतंत्र व्यावसायिक. प्राप्तिकर ३,४८६ पौंड. वर्गणी ६ टक्के, म्हणजे १,०४६. हातात २५,४६८.

दुसरी ओळ, ३०,००० पगार असलेली नोकरदार. प्राप्तिकर तोच, ३,४८६. वर्गणी ८ टक्के, म्हणजे १,३९४. हातात २५,१२०.

दोन्हींत फरक किती? साडेतीनशे पौंडांच्या आत. वर्षाला! मग भाचीचं एवढं नुकसान कुठे झालं? ते तिसऱ्या ओळीत आहे.

नोकर ठेवला की मालकालाही वर्गणी भरावी लागते. ती एप्रिल २०२५ पासून १३.८ वरून १५ टक्के झाली, आणि जिथून ती सुरू होते ती पगाराची मर्यादा ९,१०० वरून ५,००० पौंडांवर आली. म्हणजे ३०,००० पगाराच्या नोकरामागे मालकाला वर ३,७५० पौंड मोजावे लागतात. स्वतंत्र माणसामागे यातला एक पेन्सही नाही. मालकाला 'स्वतंत्र' माणसं का आवडतात, ते समजलं ना?

आता अंब्रेला कंपनी, आपण तिला छत्री कंपनी म्हणू. एजन्सी आणि नर्स यांच्यामध्ये ती उभी राहते आणि नर्सची मालक होते. एजन्सी छत्रीला ते ३०,००० देते. कायद्याप्रमाणे मालकाने आपला वाटा नोकराच्या पगारातून कापायचा नाही. पण ते ३०,००० म्हणजे पगार नव्हेच! ती छत्रीची आवक. त्यातून छत्री आधी मालकाचा वाटा बाजूला काढते, आणि उरतो तो पगार, २६,७३९. त्यावर प्राप्तिकर २,८३४, वर्गणी १,१३४. हातात २२,७७२. छत्रीची स्वतःची फी आणि पेन्शनची कपात अजून व्हायचीच आहे. सुट्टीचा पगार निराळा दिसतो, तोही याच रकमेतला असतो. आणि एप्रिल २०१६ पासून, कुणाच्या देखरेखीखाली काम असेल तर घरापासून कामापर्यंतच्या प्रवासखर्चाची वजावटही छत्रीत मिळत नाही. म्हणजे मोटारीचे मैल गेले.

वर्षाला २,७०० पौंडांचा फरक. त्यातला बहुतेक नोकर झाल्यामुळे पडला नाही. मालकाचा वाटा मालकाने द्यायच्या ऐवजी तिच्या दरातून गेला, म्हणून पडला. हे कळल्यावर मी भाचीला विचारलं, "तुला एजन्सीने काही कागद दिला नव्हता?" तर तो मेललाच जोडलेला होता! एप्रिल २०२० पासून एजन्सीने प्रत्येक नव्या कामगाराला एक माहितीपत्रक द्यायचं असतं. त्यात मालक कोण, कपाती कोणत्या, नमुन्यादाखल हातात किती येईल, सगळं आकड्यांत असतं. तिने ते उघडलं नव्हतं. आणि मी, चाळीस वर्षं लोकांना 'कागद आधी वाचा' म्हणणारी, तिला ते उघडायला सांगितलं नव्हतं.

मग एका रविवारी आम्ही दोघी व्हिडिओवर बसलो आणि दुसरी बाजू मांडली. पगारदाराला मिळतं काय? वर्षाला ५.६ आठवड्यांची पगारी रजा. आजारपणात २८ आठवड्यांपर्यंत, २०२५-२६ च्या दराने, आठवड्याला ११८.७५ पौंड. वय २२ च्या पुढे आणि त्या मालकाकडचा पगार १०,००० च्या वर असेल तर पेन्शन, त्यात मालकाचे किमान ३ टक्के. आणि कर दर महिन्याला आपोआप कापलेला. स्वतंत्र असताना पहिल्याच ३१ जानेवारीला तिला दणका बसला होता. मागच्या वर्षाचा पूर्ण कर, आणि वर पुढच्या वर्षाचा अर्धा आगाऊ. उरलेला अर्धा ३१ जुलैला. तेव्हा मी तिला उसने पैसे पाठवले होते, हे तिच्या आईला अजून माहीत नाही. आता होईल.

यादी करता करता ती थोडी थांबली आणि म्हणाली, "मावशी, बाळंतपणाच्या रजेचं काय गं?" मला तेव्हा उलगडलं, ती त्या रात्री रडत का होती. प्रश्न नुसत्या २,७०० पौंडांचा नव्हता. ते दोघं बाळाचा विचार करत होते, आणि पुढच्या वर्षीचं उत्पन्न किती असेल हे तिला कुणी सांगू शकत नव्हतं.

ते मी तपासलं. स्वतंत्र व्यावसायिक बाईला सरकारकडून मातृत्व भत्ता मिळतो, तो २०२५-२६ च्या दराने जास्तीत जास्त आठवड्याला १८७.१८ पौंड. पगारदार बाईला मालकाकडून पहिले सहा आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के, आणि पुढचे तेहतीस आठवडे तोच १८७.१८ चा दर. पण अट आहे. बाळंतपणाच्या अपेक्षित आठवड्याच्या आधीचा पंधरावा आठवडा संपेपर्यंत एकाच मालकाकडे सलग २६ आठवडे नोकरी झालेली हवी. म्हणजे पोटात बाळ येण्याच्या सुमाराला तुम्ही त्या नोकरीत असायला हवं. आज ही एजन्सी, उद्या ती छत्री असं करत राहिलं, तर हा हक्क हातातून निसटतो. करनियमाचा बदल एखाद्याच्या पाळण्यापर्यंत कसा पोचतो, बघा.

तिने मग काय केलं? ती ज्या दवाखान्यांत वारंवार जायची, त्यांतल्या एका लहान दवाखान्याला तिने सरळ विचारलं, "एजन्सीला जे देता त्यातलं थोडं मला द्या आणि मला तुमच्याच पगारपत्रकावर घ्या. आठवड्याचे तीन दिवस." एजन्सीशी झालेल्या करारात किती काळ थांबावं लागेल ते आधी पाहिलं, तेवढं ती थांबली. दवाखान्याला एजन्सीचं कमिशन वाचलं, तिला छत्री टळली. मालकाचा वाटा मालक भरतो. उरलेल्या दिवसांत कधी काम घेतलं तर तेही पगारावरच. हातात पूर्वीपेक्षा थोडं कमी येतं, पण ते किती येणार हे तिला महिनाभर आधी माहीत असतं.

सगळ्यांना हे जमेल असं नाही. ज्या नर्सेस मुलं शाळेत असताना हवे तेवढेच दिवस काम करतात, त्यांना लोकमची मोकळीक हवीच असते. त्यांना माझा सल्ला एवढाच, की दर ठरवताना विचारा: हा दर मालकाच्या वाट्यासकट आहे की त्याखेरीज? या एका प्रश्नावर साधारण २,३५० पौंड अवलंबून आहेत. छत्री निवडताना 'आमच्याकडे हातात जास्त येतं' असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. कर सगळ्यांना सारखाच, मग याच्याकडे जास्त येतं कुठून? कर न भरणाऱ्या छत्र्या इतक्या झाल्या, की एप्रिल २०२६ पासून त्यांच्या न भरलेल्या कराची जबाबदारी एजन्सीवरही टाकायचं तिथल्या सरकारने ठरवलं आहे. आणि जे खरोखर स्वतंत्र आहेत, त्यांच्यासाठीही बदल आहे. एप्रिल २०२६ पासून ज्यांची ढोबळ आवक ५०,००० पौंडांच्या वर आहे, त्यांना हिशेब संगणकावर ठेवून दर तिमाहीला कळवायचा. २०२७ ला ही मर्यादा ३०,००० वर, २०२८ ला २०,००० वर येईल.

आता आपल्या घरी येऊ. मगाशी मी म्हटलं होतं, विषय शेवटी तुमच्या मुलांचा निघेल.

'हुकूम कुणाचा' हा प्रश्न काही विलायतेतून आलेला नाही. आपल्याच गुजरातेत, ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात, मिठागरातल्या अगरियांबद्दल सुप्रीम कोर्टाने १९५६ मध्ये याच मुद्द्यावर निकाल दिला आहे. अगरिया आपल्या कुटुंबासह मीठ पिकवायचा, हाताखाली माणसंही ठेवायचा, पैसे मिठाच्या मापावर मिळायचे. कंपनी म्हणाली, हे स्वतंत्र कंत्राटदार. पण वाफा आखण्यापासून मीठ उचलेपर्यंत देखरेख कंपनीची होती. कोर्टाने अगरियांना कामगार ठरवलं. रणातला अगरिया आणि इंग्लंडमधली नर्स यांना तोलायचा तराजू एकच.

आणि आपली मुलं? शाळेत 'व्हिजिटिंग' म्हणून शिकवणारी सून, इस्पितळात 'रिटेनर' असलेली फिजिओथेरपिस्ट मुलगी, कंपनीत 'कन्सल्टंट' असलेला मुलगा. सकाळी नऊला अंगठा लावायचा, रजा साहेबांना विचारून घ्यायची, आणि कागदावर मात्र फी. वर्षाला ५०,००० च्या वर फी गेली की १० टक्के टीडीएस कापला जातो, आणि मुलांना वाटतं कर भरून झाला. नाही झाला! एकूण कर कापलेल्यापेक्षा १०,००० किंवा त्याहून जास्त निघत असेल तर तो आगाऊ हप्त्यांनी भरायचा, नाहीतर व्याज लागतं. उलट उत्पन्न कमी असेल तर कापलेला कर परत मिळतो, पण त्यासाठी रिटर्न भरावं लागतं. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर लागत नाही. पगारदाराला वर ७५,००० ची प्रमाणित वजावट आहे, फी घेणाऱ्याला ती नाही, त्याने आपले खर्च दाखवायचे. पीएफमध्ये मालकाचे १२ टक्के, ग्रॅच्युइटी, बाळंतपणाची पगारी रजा, हे 'कन्सल्टंट'च्या कागदावर कुठेच नसतं. नव्या प्राप्तिकर कायद्याने कलमांचे आकडे बदलतात. हा प्रश्न बदलणार नाही.

म्हणून घरी जाऊन मुलांना चार गोष्टी विचारा. इथे आहेत त्यांनाही आणि तिकडे आहेत त्यांनाही. एक, तुझा मालक कागदावर कोण आहे? दोन, सांगितलेल्या आकड्यात मालकाचा वाटा धरलाय की नाही? तीन, आजारी पडलास किंवा घरी पाळणा हलला तर पैसे कोण देणार? चार, तुला दिलेले सगळे कागद तू उघडून वाचलेस का?

आणि मुलांनी परदेशातून फोन करून काही विचारलं, तर माझ्यासारखं लगेच उत्तर देऊ नका. म्हणा, "थांब, तिथला जाणकार शोधू, मग ठरवू." आपल्या मायेचा त्यांना आधार असतो. पण माया म्हणजे सल्ला नव्हे.

भाचीला आता सातवा महिना आहे. या वर्षी गणपतीला ती येऊ शकणार नाही, पण आरतीच्या वेळी व्हिडिओवर असेल. कंपनीच्या भानगडीत माझ्यामुळे तिचे जेवढे पैसे गेले, तेवढ्याचा बाळाला सोन्याचा गोफ करायचा असं मी ठरवलं आहे. हिशेब पुरा करायची सवय आहे ना!

 गणपतीबाप्पा सर्वांना सुबुद्धी देवो आणि रिटर्न वेळेवर भरण्याची प्रेरणाही देवो.